मधलं माप

आमचे आबा रास मोजायला बसले की खळ्यावर कुणी बोलायचं नाही. चपला बाहेर काढायच्या, राशीवर सावली पडू द्यायची नाही आणि रिकामं माप उताणं ठेवायचं नाही. पहिली पायली ओतताना आबा 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन, चार. आमच्याकडची ती रीतच आहे. एरवी चेष्टामस्करीत रमणारा माणूस, पण माप हातात घेतलं की चेहरा असा आवळून घ्यायचा की लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. मधेच कुणी खोकलं तरी ते डोळे वर करत नसत.

त्यांचं नाव रखमाजी. केदारखेड्याच्या फाट्यावर उतरून आत बरंच चालावं लागतं, तिथे ओढ्याकाठी आमचं गाव. गावात कुणाचीही रास असो, माप आबांच्या हातात. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण एकदा मोजलेलं ते विसरत नसत. लोक याचं कौतुक करायचे. मला कौतुक नाही. या माणसाला थोडं विसरता आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं आणि वाटलं की राग येतो.

आमचं रान ओढ्याच्या वळणात होतं. आबांच्या आज्यानं दगड वेचून वेचून केलेलं. गावची सगळी शिवारं उन्हाळ्याच्या तोंडाला तडकली तरी आमच्या रानात हात घातला की ओल लागायची. वरच्या कोपऱ्यात एक टेकाड होतं, त्यावर एक मोठा काळा धोंडा, आणि तिथून रान ओढ्याच्या अंगानं खाली उतरत गेलेलं. आबांचा जीव त्या रानात होता. हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण ही गोष्ट त्या रानाचीच आहे.

माझा थोरला भाऊ मच्छिंद्र मॅट्रिकला होता तेव्हा नागरिकशास्त्र मोठ्यानं पाठ करायचा. आबा दारात बसून अंबाडीचा दोर वळायचे. भावाला वाटायचं, यांचं लक्ष नाही. आबा मोजत होते. तो 'समानतेचा हक्क' म्हणाला की हे पुटपुटायचे, "लाभ." स्वातंत्र्याचा, दोन. शोषणाविरुद्धचा, तीन. असं करत मूलभूत हक्क सातावर संपले की आबा समाधानानं मान हलवायचे. माप पुरं भरलं. भाऊ पास झाला, जालन्याला कारखान्यात लागला, आणि ते सात हक्क पुढे बारा वर्षं आमच्या घरात कुणाच्या कामाला आले नाहीत.

मग माझी पाळी आली. मी बारावी झाले होते आणि मला वकील व्हायचं होतं. औरंगाबादच्या ज्या कॉलेजात जायचं होतं तिथे प्रवेश परीक्षा होती, आणि तिचा निम्मा पेपर राज्यघटनेवर. मच्छिंद्रनं जालन्याहून एक गाइड आणून दिलं. गाइड लिहिणाऱ्याला सगळा देश शंभर पानांत उरकायचा असतो. उद्देशिका चार ओळी, हक्क एक पान, मार्गदर्शक तत्त्वं अर्धं पान, आणि पुढे नुसते प्रश्न: कितवी दुरुस्ती, कोणतं कलम, कोणतं परिशिष्ट. समजून घ्यायला त्यात जागाच नव्हती. मीही समजून घ्यायच्या भानगडीत न पडता घोकत सुटले.

एका दुपारी मी सुपात ज्वारी पाखडत हक्क म्हणत होते. आबा दारात, हातात दोर, तोंडात 'लाभ'. मी एकेक हक्क म्हणत गेले आणि ते मोजत गेले.

"पाचवा, सांस्कृतिक आणि शैक्षणिक हक्क. सहावा, घटनात्मक उपायांचा, म्हंजी दाद मागायचा हक्क. झाले."

आबांचा हात थांबला. "थांब. मधलं एक ऱ्हायलं."

"न्हाई आबा. सहाच हायेत."

"मच्छूच्या बारीला सात भरल्ते. शिक्षणाच्या पाठीमागं एक होता, आन मंग दाद मागायचा. मधलं माप कुठं गेलं?"

मला वाटलं, म्हातारा उगीच घोळ घालतोय. पण गाइडाच्या मागच्या प्रश्नांत ते सापडलं. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून कोणत्या घटनादुरुस्तीने वगळला? उत्तर, चव्वेचाळिसाव्या. मी वाचून दाखवलं. मालमत्ता म्हणजे काय तेही सांगितलं, घर, जमीन, आपलं रान.

"कुनी काढला?"

"दिल्लीत. लोकसभेनं."

"आन आपल्याला कुनी सांगितलं बी न्हाई?"

त्यांचा आवाज मला बरा वाटला नाही म्हणून मी घाईनं पुढचं वाचायला घेतलं. मूलभूत कर्तव्यं, दहा.

"ही मच्छूच्या बारीला नव्हती," आबा म्हणाले. "हक्क एक काढला आन कामं धा लावली व्हय?"

चुलीपाशी आई हसली. माझी आई गोजरबाई सहसा हसणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू फुटलं. आबा तेवढे हसले नाहीत. ते उठले आणि रानाकडे चालू लागले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच महिन्यात ओढ्याला मोजणीवाले आले. तिपाई, दुर्बीण, साखळी, चुन्याची बादली. ओढ्यातल्या खडकांवर आधी पांढरे ठिपके पडले, मग काठावरच्या दगडांवर, मग बांधांवर. रोज सकाळी लोक शिवारात जायचे आणि ठिपका कुठवर आला ते पाहून यायचे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराहून येणारा प्रत्येक जण नवी बातमी आणायचा. कुणी म्हणे तलाव होणार, कुणी म्हणे रस्ता. त्यांचा ओव्हरसियर सभ्य माणूस होता. आमच्या दारी चहा प्यायचा, कपबशी स्वतः विसळून ठेवायचा आणि कुणी काही विचारलं की म्हणायचा, "काही नाही, नुसती मोजणी आहे."

तो गेल्यावर आबा म्हणाले, "नुसतं माप कुनी घेत न्हाई. माप घ्यायला बसला म्हंजी माल उचलायचा हाये."

एके दिवशी सकाळी आमच्या टेकाडावरच्या काळ्या धोंड्यावर चुना दिसला. आबांनी घागरभर पाणी नेऊन तो धुतला. दोन दिवसांत तिथे परत चुना, आधीपेक्षा जाड. आबांनी पुन्हा धुतला नाही. घरी आले आणि मला म्हणाले, "बेबे, ते सहा पुन्यांदा म्हन." माझं नाव बेबीनंदा.

त्या दिवसापासून माझी परीक्षा माझी राहिली नाही. मी एकेक हक्क म्हणायचे आणि आबा तो हातात घेऊन, उलटापालटा करून, आपल्या रानाच्या कामाचा आहे का ते बघायचे. समानता? "म्हंजी सगळ्यायचं सारखं जानार. नको." शोषण? "मजुरी तर देत असत्याल. नको." बोलायचा हक्क त्यांना जरा पसंत पडला. धुतलेला पटका बांधून ते ओव्हरसियरकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं, वरून नकाशा मंजूर होऊन आला की कळेल. आबा परत आले. रात्री जेवले नाहीत.

मला त्यांची कीव यायची आणि चीडही यायची. माझ्या डोक्यात कलमं, परिशिष्टं, राज्यसभेची मुदत. आणि हा माणूस सारखा त्याच पानावर. एकदा मी त्रासून म्हटलं, "आबा, पुढचं तरी म्हनू द्या." ते म्हणाले, "म्हन की. चौथा कोंचा?"

"धर्माचा. आपापला देव पुजायचा."

"त्यो हाये ना अजून? काढला तर न्हाई?"

"न्हाई आबा. हाये."

"मंग झालं," असं म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी तेलात शेंदूर कालवला. धोंड्यावरचा चुना दिसेनासा होईस्तोवर शेंदूर थापला, नारळ फोडला, उदबत्ती लावली. शेजारच्या रानातला पुंजाराम बैल सोडायला आला होता, त्यानं पाहिलं. "रखमाजी, हे काय?" आबा म्हणाले, "म्हसोबा हाये." एवढे दोनच शब्द. बाकीचं गावानं केलं. दुपारपर्यंत पुंजारामला आठवलं की त्याच्या बापानं त्या टेकाडावर एकदा दिवा हलताना पाहिला होता. तिसऱ्या दिवशी बाया नैवेद्य घेऊन आल्या. अमावास्येला तिथे कोंबडं कापलं.

आईला मात्र हे बिलकुल रुचलं नव्हतं. "आवं, देवासंगं लबाडी करू न्हाई," ती म्हणाली. "म्या कुठं केली? धोंड्याला शेंदूर लावला. कायद्यात हाये." संध्याकाळी मात्र आई चोरून तिकडे दिवा लावून आली आणि आल्या आल्या उंबऱ्यातच बसली. मी विचारलं तर म्हणाली, "वारा न्हवता गं. तरी दिवा इझू इझू करीत होता." मी त्या वयात असल्या गोष्टींना हसायची. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मोजणीवाले परत आले. धोंडा पाहून ओव्हरसियर थबकला. त्यानं बूट काढले, हात जोडले, आणि बाजूला होऊन आपल्या माणसांशी बराच वेळ बोलला. मग तिपाई उचलून ते लोक टेकाडावरून निघून गेले. आबा बांधावर उभे राहून पाहत होते. घरी आले ते माप पुरं भरल्यावर करायचे तसा चेहरा करून. आईला म्हणाले, "पोरीच्या गाइडानं रान वाचिवलं." त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

लगेच माझी परीक्षा आली. आबा माझ्याबरोबर औरंगाबादला आले. त्यांना वर्गाबाहेर झाडाखाली बसवून मी आत गेले. पेपरात तो प्रश्न होता: भारतीय नागरिकाला किती मूलभूत हक्क आहेत? पाच, सहा, सात, आठ. मी सहावर खूण केली. बाहेर आले तर आबांचा पहिला सवाल, "आलता का?"

"आलता."

"किती लिवले?"

"सहा."

"बराबर," ते म्हणाले. एसटीत ते खुशीत होते. शेजारच्या माणसाला, ओळख ना पाळख, सांगत होते की माझी लेक वकील व्हऊन राह्यली. मी लाजून खिडकीबाहेर बघत बसले. तसं मोकळं हसताना मी त्यांना नंतर पाहिलं नाही.

फाट्यावर उतरून आम्ही शिवारातून चालत निघालो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. आमच्या रानाच्या खालच्या टोकाला आलो आणि आबा थांबले. बांधावरच्या दगडाला ताजा चुना होता. त्याच्या पलीकडच्या दगडाला होता, ओढ्यातल्या खडकाला होता, पलीकडच्या काठालाही होता. सगळे ठिपके एका ओळीत. मला काहीच कळलं नाही. उलट बरं वाटलं की ठिपके रानाबाहेर गेले. पण आबा खाली चुन्याकडे बघत, मग वर टेकाडाकडे बघत, परत खाली बघत.

"भिंत खाली सरकली," ते म्हणाले.

मग मला कळलं. तलावच होणार होता, आणि धोंड्यावरचा चुना ही जाणाऱ्या जमिनीची खूण नव्हतीच. ती तलावाच्या भिंतीची खूण होती. भिंत त्या टेकाडापासून ओढा ओलांडून जाणार होती. आमचा फक्त वरचा कोपरा जाणार होता. बाकी सगळं रान भिंतीच्या खालच्या अंगाला, पाण्याबाहेर, सुखरूप, उलट पाझरानं बारमाही ओलं राहणार होतं. आता देवाला धक्का नको म्हणून त्या भल्या माणसानं भिंत आमच्या रानाच्या खालच्या टोकाला नेली. सगळं रान तलावाच्या पोटात. पाणी कोणत्या अंगाला राहणार, हे एक वाक्य कुणी चहा पिता पिता बोललं असतं तर! पण बोलायचा हक्क असतो, सांगायची सक्ती कुणावर नसते.

आबा तसेच ओव्हरसियरच्या तंबूकडे गेले. मी मागोमाग. "साहेब, त्यो देव न्हाई. धोंडा हाये. म्या शेंदूर लावला." ओव्हरसियर अवघडला. "पाटील, असं बोलू नका. कागद वर गेलेत. आणि लोकांच्या भावना असतात." पुंजाराम आणि चार-पाच जण तिथे होतेच. पुंजाराम रागानं लाल झाला. "रखमाजी, आमी नवस बोललो तिथं. आता तू न्हाई म्हनला तर देव उठून जाईल व्हय?"

घरी येऊन आबा आईसमोर बसले. "गोजरे, तू तरी सांग. तुला ठावं हाये. म्याच बसिवला ना?"

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तुमी बसिवला. पर त्यो आता बसला."

पुढे नोटीस आली, हरकती मागवल्या. आबांनी हरकत घेतली की तो देव खोटा आहे. अधिकाऱ्यानं ती लिहून घेतली आणि हसू दाबलं. मी परीक्षा पास होऊन कॉलेजात गेले होते, पण पहिल्या वर्षाच्या पोरीला कोण विचारतो? मी सुट्टीत घरी यायची आणि प्रत्येक वेळी भिंत आणखी उंच झालेली असायची. जमिनीची भरपाई म्हणून मावेजा मिळाला, मच्छिंद्रनं त्यातून जालन्याला घर बांधलं, आबा तिकडे राहायला गेले नाहीत. पाणी भरलं त्या वर्षी ते काठावर उभे राहून बघत होते. रान हळूहळू बुडालं. पाण्याबाहेर उरलं ते काठाला लागून असलेलं टेकाड, आणि त्यावर शेंदरानं माखलेला धोंडा.

कॉलेजात मला कळलं की गाइडानं अर्धंच सांगितलं होतं. मालमत्तेचा हक्क नुसता काढला नव्हता. मूलभूत हक्कांतून काढून पुढे कलम ३०० अ मध्ये ठेवला होता. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही, इतकाच. मी मोठ्या आनंदानं आबांना सांगितलं, तो हक्क गेलेला नाही, नुसता जागेवरून हलवलाय.

आबांनी विचार केला. "म्हंजी घरातून काढून वट्ट्यावर बसिवला."

"तसंच म्हना."

"वट्ट्यावरच्या मानसाला ताट वाढत्यात, बेबे. पर घरातलं काही करायचं तर त्याला इचारीत न्हाईत."

पुढे गावात मळणी यंत्रं आली, वजनकाटे आले, पायल्या माळ्यावर गेल्या. आबांना रास मोजायला कुणी बोलवेना. पण म्हसोबाच्या जत्रेत पहिला नारळ त्यांच्याच हातून फुटला पाहिजे, असा गावाचा हट्ट. देव त्यांनी दाखवला होता ना! आबा जायचे, नारळ फोडायचे, मागे सरायचे. हात जोडायचे नाहीत. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, की जुना भक्त आहे, त्याला हात जोडावे लागत नाहीत. आई मात्र जिवंत होती तोवर दर शनिवारी दिवा लावत राहिली, आणि दिवा विझला की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलायची नाही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तलाव आटला. मी जालन्याहून गेले तर आबा घरी नव्हते. तलावाच्या पोटात सापडले, आमच्या रानात. गाळ वाळून त्याच्या चिपा झाल्या होत्या, पण खालचा बांध अजून ओळखू येत होता. आबा त्या बांधावर बसले होते. मी शेजारी बसले. वर टेकाडावर देवाला कुणीतरी नवं निशाण लावलं होतं.

"म्हन एकदा," ते म्हणाले.

"काय?"

"ते सहा."

मी म्हणत गेले. ते मोजत गेले. लाभ, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यावर त्यांनी हात वर केला आणि मी थांबले. "मालमत्तेचा," ते स्वतः म्हणाले, आणि पायाजवळचं एक ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं. "आता म्हन फुडला."

"दाद मागायचा."

"त्यो कसा मागायचा असतो?"

"ज्यानं हक्क घेतला त्याच्याविरुद्ध कोर्टात जायचं, आबा."

आबा टेकाडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. खळ्यावर मापाला बसायचे तसाच चेहरा होता, आवळलेला.

"आन म्याच माझ्या हातानं घालिवलं असंल तर कुनाइरुद्ध मागू?"

जालन्याच्या कोर्टात मी वकिली करायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, आणि आम्ही रानातून घराकडे निघालो.